जायंट सेल आर्टेरायटिस : रोगसक्रियता व पुनरुद्भव यांचे निरीक्षण

प्रस्तावना :
जायंट सेल आर्टेरायटिस हा पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये आढळणारा, मोठ्या व मध्यम धमन्यांच्या भित्तींचा दाह होय. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बेयार्ड हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानशिलाच्या धमनीतील या दाहाचे वर्णन केले. नेत्राचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास अंधत्व येते आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. म्हणूनच निदानाइतकेच उपचारकाळातील निरीक्षणही महत्त्वाचे ठरते.

पारंपरिक निकष :
स्टिरॉइडने दाह त्वरेने शमतो. परंतु मात्रा कमी करताना विकार अनेकदा उलटतो. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, खांद्यांचा व कमरेचा ताठरपणा, क्षणिक दृष्टिलोप ही त्याची प्रमुख लक्षणे होत. त्यांच्या जोडीला ई. एस. आर. व सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन या रक्तचाचण्या केल्या जातात. तथापि हे निर्देशांक जंतुसंसर्गानेही वाढतात. केवळ आकडा पाहून स्टिरॉइडची मात्रा वाढविल्यास अस्थिभंग, मधुमेह व मोतीबिंदू यांचा धोका विनाकारण वाढतो.

निरीक्षणातील नवा पेच :
२०१७ मध्ये २५१ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर आठवड्यास टोसिलिझुमॅब व सोबत २६ आठवडे उतरत्या मात्रेत स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांचा विकार ५२ आठवड्यांअखेर शांत राहिला. तितकेच आठवडे केवळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. हे औषध इंटरल्यूकिन-६ चा संदेश रोखते. यकृतातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची निर्मितीही त्याच संदेशावर अवलंबून असते. परिणामी धमनीत दाह धुमसत असतानाही रक्ताचा अहवाल निर्दोष दिसू शकतो.

अशा वेळी प्रतिमाचित्रण साहाय्यभूत ठरते. सोनोग्राफीत दाहग्रस्त धमनीभोवती काळसर वलय दिसते. मात्र उपचारानंतरही धमनीभित्तीची जाडी काही काळ टिकू शकते. त्यामुळे एकटी प्रतिमाही निर्णायक मानता येत नाही. महाधमनीचा फुगवटा तर काही वर्षांनीही उद्भवू शकतो, म्हणून लक्षणे शमल्यावरही निरीक्षण थांबविणे योग्य नव्हे.

समारोप :
सारांश, रोगसक्रियता दर्शविणारी एकच निर्णायक चाचणी उपलब्ध नाही. लक्षणे, शारीरिक तपासणी, रक्तचाचण्या व प्रतिमा यांचा एकत्रित अर्थ लावणे, तसेच दृष्टी किंचितही अंधुक होताच त्याच दिवशी वैद्यकीय मदत घेण्याविषयी रुग्णास समजावून सांगणे, हाच निरीक्षणाचा खरा पाया होय.