बिगफूट आहे? शंभरपैकी किती?

पेन्सिल घ्या आणि कागदाच्या कोपऱ्यात शून्य ते शंभरमधला एक आकडा लिहा. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिमेकडच्या घनदाट जंगलांत दोन पायांवर चालणारा, अंगभर केस असलेला, सात-आठ फूट उंचीचा प्राणी राहतो, असं तिथले कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेत त्याला बिगफूट म्हणतात, कॅनडात सॅस्क्वॉच. तो खरोखरच आहे, याची तुम्हाला किती खात्री वाटते? मुळीच नाही, तर शून्य. समोर उभा असल्याइतकी, तर शंभर. पेनानं मात्र लिहू नका हं, आकडा खोडावा लागणार आहे.

आधी सिनेमा बघू. २० ऑक्टोबर १९६७ची गोष्ट. उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक नावाचा ओढा आहे. रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन हे दोघं घोड्यांवरून त्याच्या काठाकाठानं चालले होते. पॅटरसन आला होता तोच मुळी बिगफूटच्या शोधात, आदल्या वर्षी त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. दोघांनी पुढं सांगितलं ते असं: ओढ्यापाशी अचानक काळं, केसाळ काहीतरी दिसलं. घोडे बुजले. पॅटरसननं कसाबसा कॅमेरा बाहेर ओढला आणि तो पळत सुटला. म्हणून त्या फिल्ममध्ये सुरुवातीला नुसती हलती-डुलती झाडं आणि वाळू दिसते. मग चित्र जरा स्थिरावतं आणि लांब हात झुलवत वाळूवरून चाललेली एक आकृती दिसते. चालता चालता ती उजवीकडे वळून थेट आपल्याकडे बघते आणि पुन्हा आपल्या वाटेनं निघून जाते. जेमतेम एका मिनिटाची फिल्म! पण तिच्यातलं ते वळून बघणं जगभर इतकं गाजलं, की नेमकं कितवं चित्र ते लोकांना पाठ आहे. ३५२वं.

पाहिल्यावर अंगावर काटा येतो, हे मी मोकळेपणानं सांगते. आकडा वाढवलात ना? वाढवा.

आता कॅमेऱ्याकडे जरा जवळून बघू. फिल्म म्हणजे भराभर टिपलेली स्थिर चित्रं. एका सेकंदात किती चित्रं टिपायची, हे त्या काळच्या कॅमेऱ्यावर ठरवता येई. १६ टिपा, १८ टिपा किंवा २४. घाईगडबडीत आपला कॅमेरा नेमक्या कोणत्या आकड्यावर होता, हे पॅटरसनला नंतर खात्रीनं सांगता येईना. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण डोनाल्ड ग्रीव्ह नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्या आकृतीची चाल मोजली, तेव्हा सगळं घोडं तिथंच अडलं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर ती चाल माणसाच्या चालीहून वेगळी ठरत नव्हती. १६ किंवा १८ धरली, तर माणूस तसा चालणार नाही असं दिसत होतं. फिल्म तीच, पावलंही तीच. फक्त एक आकडा हरवला आणि उत्तर हातचं गेलं.

पॅटरसन १९७२मध्ये वारला. गिमलिन पुढं कित्येक वर्षं सांगत राहिला, की मी पाहिलं ते खरं होतं. दुसरा एक माणूस पुढं येऊन म्हणाला, की केसाळ पोशाख घालून चाललो तो मीच. दोघंही ठाम. दोघांचं एकदम खरं असणं तर शक्य नाही. म्हणजे बोलणाऱ्याची खात्री किती आहे, एवढ्यावरून आपला आकडा ठरवता येत नाही.

याच ब्लफ क्रीकच्या परिसरात नऊ वर्षं आधी आणखी एक प्रकार घडला होता. १९५८च्या उन्हाळ्यात तिथं जंगलातून रस्ता काढायचं काम चाललं होतं. जेरी क्रू नावाचा बुलडोझर चालवणारा कामगार सकाळी कामावर आला, तर त्याच्या यंत्राभोवती चिखलात पावलंच पावलं. एकेक पाऊल १६ इंच लांब! तुमची शाळेतली पट्टी १२ इंचांची असते, तिच्याही पुढं अजून चार इंच. जेरीनं ठशात प्लास्टर ओतून साचा काढला आणि तो हातात धरून फोटो काढून घेतला. वर्तमानपत्रात बातमी आली आणि बिगफूट हे नाव देशभर झालं.

त्या रस्त्याचा कंत्राटदार होता रे वॉलेस. तो २००२मध्ये वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी लाकडात कोरलेली दोन भलीमोठी पावलं बाहेर काढून दाखवली. ती पायाला बांधून वॉलेस चिखलात ठसे उठवत असे, असं त्यांनी सांगितलं. बिगफूट मानणारे म्हणतात, की सगळेच ठसे त्या लाकडी पावलांशी जुळत नाहीत. असेलही. पण मला या लाकडी पावलांचा मनापासून राग येतो. ज्यांचा बिगफूटवर विश्वास नाही, त्यांचं यात काही गेलं नाही. फसले ते जिवापाड शोध घेणारे लोक. खऱ्या पुराव्यांच्या ढिगात एक जरी खोटा पुरावा मिसळला, तरी उरलेला प्रत्येक ठसा संशयानं बघावा लागतो.

म्हणजे बिगफूट पाहिला म्हणणारे सगळे लबाड का? छे! बहुतेक जण अगदी प्रामाणिक असतात. संध्याकाळची वेळ, दाट झाडी आणि तीन-चार सेकंदांत समोरून काहीतरी जातं. डोळ्यांना तुकडे दिसतात, उरलेलं मन भरून काढतं. आणि त्या जंगलांत एक प्राणी खरोखरच भरपूर आहे: काळं अस्वल. नाव काळं असलं तरी त्यात तपकिरी आणि दालचिनीच्या रंगाचीही असतात. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, थोडं चालतंही. न्यू जर्सी राज्यात तर पेडल्स नावाचं एक अस्वल होतं. पुढचे पंजे जायबंदी झाल्यामुळं ते लोकांच्या अंगणांतून सरळ दोन पायांवर फिरायचं. त्याचे व्हिडिओ आहेत, मोठ्या माणसांना सोबत घेऊन जरूर बघा. अस्वल आहे हे माहीत असूनही क्षणभर वाटतं, अरे, हा तर केसाळ कोट घातलेला माणूस! अस्वलाची एक लकबही आहे. चालताना त्याचा मागचा पाय कधी कधी पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो. दोन ठसे मिळून एकच लांबलचक पाऊल तयार होतं.

२०२४मध्ये एका संशोधकानं अमेरिका आणि कॅनडातली अस्वलांची संख्या आणि बिगफूट दिसल्याच्या बातम्या शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. माणसांची वस्ती आणि जंगलाचा विस्तार हिशेबात धरला, तरी जिथं अस्वलं जास्त, तिथून बातम्याही जास्त. जिथं अस्वलं नाहीत, अशा भागांतूनही काही बातम्या येतात. त्यामुळं सगळं खापर अस्वलांवर फोडता येत नाही, पण बरंचसं फोडता येतं.

आणि केस? केस तर हातात धरता येतो, तपासता येतो. १९७६मध्ये पीटर बर्न या बिगफूट शोधकानं कातडीच्या तुकड्याला चिकटलेले १५ केस एफबीआयकडे तपासायला पाठवले. हो, तीच ती गुन्हेगार पकडणारी एफबीआय! त्यांच्या प्रयोगशाळेनं केस नीट तपासले आणि कळवलं: हरणाचे आहेत. पुढं २०१४मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी जगभरातून यती, बिगफूट वगैरेंचे म्हणून जपलेले केस मागवले. ३० नमुन्यांतून डीएनए वाचता आला. त्यांत निघाले अस्वल, घोडा, गाय, साळिंदर, रॅकून आणि एक चक्क माणूस. अज्ञात वानर एकही नाही. मला साइक्स यांची पद्धत फार आवडते. त्यांनी कुणाला वेड्यात काढलं नाही. तुमच्याकडे आहे ते पाठवा, आपण बघू, एवढंच म्हणाले.

तुमचा आकडा आता खाली आला असणार. माझाही आला. पण जरा थांबा, बिगफूट मानणाऱ्यांचा एक प्रश्न चांगला आहे. ते विचारतात, एवढं अफाट जंगल, त्यात एखादा लाजराबुजरा प्राणी सापडला नाही, म्हणून तो नाहीच असं कसं म्हणता?

यावर दोन गोष्टी सांगते. पहिली कॅलिफोर्नियातलीच. वुल्व्हरीन हा मुंगसाच्या चणीचा, पण कितीतरी दांडगा, बर्फाळ प्रदेशातला शिकारी प्राणी. १९२०च्या दशकानंतर कॅलिफोर्नियात तो असल्याचा पक्का पुरावा कुणाला मिळालेला नव्हता. २००८मध्ये एका विद्यार्थिनीनं दुसऱ्याच एका छोट्या प्राण्यासाठी जंगलात कॅमेरे लावले होते. समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे. त्यात अवचित वुल्व्हरीन सापडला! केसांचा डीएनए तपासला, तर हा पठ्ठ्या दूरच्या आयडाहोकडचा निघाला. कुणी त्याला शोधत नसताना एकटादुकटा वुल्व्हरीन कॅमेऱ्यात आला. बिगफूट मात्र एकटा असून भागणार नाही. इतकी वर्षं तो दिसत असेल, तर त्याचे आईबाप हवेत, पिल्लं हवीत, शेकड्यांनी कुटुंबं हवीत. मग त्यांतला एकही अजून कॅमेऱ्यापुढून स्वच्छ उजेडात गेला नाही? एकही गाडीखाली आला नाही? इथं माझा आकडा धाडकन पडतो.

दुसरी गोष्ट आपल्या खानदेशातली आहे आणि ती उलट बाजूनं बोलते. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४नंतर नाहीसं झालं होतं. बहुतेकांनी आशा सोडली होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्यानं तेवढा १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळाल्याचा दावा केला होता, म्हणून लोक तिकडे शोधत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईनं तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी निघाला! नव्यानं पेंढा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती. ती चिठ्ठी बाद केली, तेव्हा शोधायच्या खऱ्या जागा समोर आल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन आणि त्यांचे दोन साथीदार शहाद्याजवळच्या जंगलात गेले, आणि भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! त्यांनी फोटो काढले, चित्रफीत घेतली. पुढं मेळघाटातही तो सापडला, दुसऱ्या अभ्यासकांनाही दिसला.

म्हणून मी शून्य लिहीत नाही. माझा आकडा एकाच्या आसपास आहे.

शंभर म्हणणाऱ्यांत मोठमोठी नावं आहेत बरं का. चिंपांझींचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या जेन गुडाल २००२मध्ये रेडिओवरच्या मुलाखतीत म्हणाल्या होत्या, की असे प्राणी आहेत अशी माझी खात्री आहे. माझ्या त्या फार लाडक्या. तरीही त्यांच्या या वाक्यानं मी माझा आकडा हलवत नाही, कारण त्यांनी चिंपांझींबद्दल सांगितलं ते वर्षानुवर्षं बघून, टिपून सांगितलं. बिगफूटबद्दलचं तसं नव्हतं. ग्रोव्हर क्रँट्झ हे प्राध्यापक तर उघडपणे बिगफूटच्या बाजूनं उभे राहिले. सहकाऱ्यांची टीका सोसली, पण मागं हटले नाहीत. लोकांना पटायचं असेल तर एक बिगफूट मारून आणावा लागेल, असं त्यांचं मत होतं. इथं मी त्यांच्याशी भांडले असते. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कमेनिया परगण्यानं १९६९मध्येच बिगफूटला मारायला बंदी करणारा नियम केला. तो प्राणी असलाच तर दुर्मीळ असणार, म्हणून मला तो नियम आवडतो.

आणखी काही जणांना मात्र मी आकडा विचारणारच नाही. कॅलिफोर्नियातल्या ट्यूल रिव्हर इथल्या आदिवासींच्या जमिनीवर एक रंगवलेला खडक आहे. त्यावर त्यांच्या पूर्वजांनी कित्येक पिढ्यांपूर्वी काढलेला केसाळ पुरुष आहे, शेजारी त्याची बायको आणि मूल. त्या लोकांच्या गोष्टींत हा केसाळ पुरुष जंगलातल्या इतर प्राण्यांच्या बरोबरीनं येतो. ते नातं वेगळं आहे, ते केस तपासून मोजायचं नसतं.

मग माझा आकडा वर जायला काय लागेल? फार नाही, एक दात! १९३५मध्ये हाँगकाँगच्या एका औषधांच्या दुकानात ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून काही दात विकायला होते. औषधात कुटून घालायचे म्हणून. राल्फ फॉन क्योनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाची नजर त्यातल्या एका दाढेवर गेली. माणसाच्या दाढेसारखीच घडण, पण लांबीला जवळजवळ दुप्पट. एवढ्यावरून त्यांनी ओळखलं, की हा कुणी प्रचंड वानर असला पाहिजे, आणि त्याला नाव दिलं जायगँटोपिथेकस. पुढं दक्षिण चीनमधल्या गुहांत त्याचे पुष्कळ दात आणि मोजके जबडे मिळाले. सबंध सांगाडा आजतागायत मिळालेला नाही, तरी तो होता याबद्दल कुणाला शंका नाही. २०१९मध्ये तर त्याच्या एका जुन्या दातातून प्रथिनं काढून तो ओरँगउटानचा नातलग असल्याचंही शोधून काढलं. दोन-तीन लाख वर्षांपूर्वी तो नामशेष झाला. बिगफूट हा त्याचाच वंशज आहे आणि तो आशियातून अमेरिकेत आला, असं मानणारे बरेच आहेत. अमेरिकेत मात्र त्याचा एकही दात अजून मिळालेला नाही. तिथल्या एखाद्या ओढ्याच्या गाळात तशी एक ताजी दाढ सापडू दे, दोन-तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळा तिचा डीएनए वाचू देत, मी त्याच दिवशी एक खोडून नव्वद लिहीन.