जिंतूर, सेलू, पूर्णा : तीन नावे, तीन नियम

पाट्यांवर 'जिंतुर', 'सेलु', 'पुर्णा' असे लिहिलेले दिसले की जाणत्या वाचकाला ते बोचते. ही बोच क्षुल्लक वाटली, तरी परभणी जिल्ह्यातील या तीन तालुक्यांच्या नावांत शुद्धलेखनाचे तीन नियम सामावलेले आहेत.

'सेलू' आणि 'परभणी' यांतील अंत्य, म्हणजे शेवटच्या अक्षरातील, उकार-इकार दीर्घ असतो.

'जिंतूर' हा अकारान्त, म्हणजे शेवटी 'अ' स्वर असलेला, मराठी शब्द असल्याने त्याचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील, उकार दीर्घ होतो. मात्र प्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप झाले, म्हणजे मूळ रूप बदलले, की तोच उकार ऱ्हस्व होतो, म्हणून 'जिंतूरला' पण 'जिंतुरात', आणि बहुतेकांची गफलत नेमकी येथेच होते.

'पूर्णा' हे नदीचे नाव तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून मुळाप्रमाणे दीर्घ.

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे नियम लेखनाचे आहेत. मराठवाडी बोलीतील उच्चारांना त्यांवरून अशुद्ध ठरवणे सर्वथा अन्यायाचे आहे.

आपापल्या गावाच्या नावाविषयी शंका असल्यास वाचकांनी ती अवश्य विचारावी.