आधी किती भरायचे? काहीच नाही

नळदुर्गातल्या पोराने घरी सांगितलं, ‘मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शिकतोय’, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आधी किती गुंतवावे लागतात?’ आईवडिलांनी विचारलं तर समजू शकतं. क्रिप्टोच्या नावाखाली हात पोळलेले लोक आसपास असतात. पण शिकवणारेच जेव्हा ‘सुरुवातीला थोडी नाणी घेऊन ठेवा’ म्हणतात, तेव्हा डोकं सणकतं. टॅली शिकायला कुणी आधी किराणा दुकान टाकतं का?

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनच्या साखळीवर आपोआप चालणाऱ्या कोडचा, प्रकल्प उभा करणं म्हणजे नेमकं काय, ते बघा. फाउंड्री हे साधन फुकट मिळतं. विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल किंवा गिट बॅश लागतं, बस्स. टर्मिनलवर ‘फोर्ज इनिट’ दिलं की फोल्डर तयार होतं: कॉन्ट्रॅक्टचा कप्पा वेगळा, चाचण्यांचा वेगळा, स्क्रिप्टचा वेगळा. आत ‘काउंटर’ नावाचा नमुना असतो. एक आकडा ठेवायचा आणि एकाने वाढवायचा, एवढंच त्याचं काम. ‘फोर्ज टेस्ट’ दिलं की त्याच्या चाचण्या चालतात. मग ‘अ‍ॅन्व्हिल’ सुरू करा. तुमच्याच लॅपटॉपवर एक साखळी चालू होते आणि हातात 10 खाती येतात, प्रत्येकात 10,000 इथर, म्हणजे इथेरियम साखळीचं नाणं. सगळं खोटं! कॉन्ट्रॅक्ट चढवा, मोडा, पुन्हा चढवा. एकदा सगळं डाउनलोड झालं की इंटरनेट गेलं तरी अडत नाही.

आता गंमत अशी, की या 10 खात्यांच्या खासगी किल्ल्या जगभर सगळ्यांना त्याच मिळतात, पडद्यावर उघड छापलेल्या. या पत्त्यांवर कुणी खरं इथर पाठवलं, तर टपून बसलेले बॉट ते लगेच उचलतात. म्हणजे या टप्प्यावर खरा पैसा आणायची गरज तर नाहीच, उलट धोका आहे.

पुढची पायरी सार्वजनिक चाचणी-जाळं, उदाहरणार्थ सेपोलिया. तिथलं इथरही फुकटच वाटतात. काही वाटणारे ‘आधी खरं इथर दाखवा’ अशी अट घालतात. तिथून सरळ उठावं, दुसरा शोधावा. खर्च सुरू होतो तो मुख्य जाळ्यावर कॉन्ट्रॅक्ट चढवताना, गॅसच्या, म्हणजे साखळीच्या शुल्काच्या, रूपाने. तोवर किल्ली असलेली फाइल चुकून गिटहबवर जाणार नाही, एवढं सांभाळा.

बाकीचे समज थोडक्यात.

‘व्हिडिओत दाखवलं तसंच करायचं.’ तारीख बघा. पॉलिगॉन या साखळीचं ‘मुंबई’ नावाचं चाचणी-जाळं एप्रिल 2024 मध्ये बंद झालं, आता ‘अमॉय’ आहे. फाउंड्रीसारखंच जुनं साधन ‘ट्रफल’ गुंडाळत असल्याचं तर ते चालवणाऱ्या कन्सेन्सिस कंपनीने 2023 मध्येच जाहीर केलं होतं.

‘कोड एकदा साखळीवर गेला की सुरक्षित.’ 2016 मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख इथर निघून गेले, ते कोडमधल्याच चुकीमुळे.

‘जमिनीचा व्यवहार आता साखळीवरच होईल.’ दस्त 1908 च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधकांकडेच नोंदवावा लागतो.

‘साखळीवर आहे म्हणजे खरंच आहे.’ गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉनशी जोडले गेले. अशा व्यवस्थेत दाखल्यात नंतर फेरफार झाला का, ते पकडता येतं. मुळात नोंदच चुकीची असेल, तर ती चूकही तितकीच पक्की नोंदवली जाते. ती तपासायचं काम तहसील कचेरीतल्या माणसाचंच.