कातकऱ्यांचे शिक्षण आणि वीटभट्टीचा हंगाम

दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील अनेक कातकरी वाड्या ओस पडू लागतात. कच्ची वीट पावसात टिकत नाही. म्हणून भट्टीचा हंगाम पाऊस सरल्यावर लागतो आणि मृग जवळ आला की उठतो. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये लागून उन्हाळ्याच्या तोंडी परीक्षेने पुरे होते. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे मूल जेमतेम अर्धे वर्ष शाळेत बसते, आणि ‘या लोकांस विद्येची गोडीच नाही’ असा शेरा मारून आपण शहरवासी मोकळे होतो!

हा शेरा सर्वथा अन्यायाचा आहे. कातकरी हे नावच काताच्या धंद्यावरून पडलेले. खैराचे लाकूड उकळून, काढा आटवून कात काढण्याची विद्या या जमातीस पिढीजात अवगत होती. जंगलावर सरकारी निर्बंध आले, खैर हातचा गेला, आणि कारागीर होता तो कोळसा व विटा यांच्या कामी मजूर झाला. आज कोलाम व माडिया गोंड यांजबरोबर राज्यातील अतिदुर्बल जमातींत त्याची गणना होते.

खरी गाठ आहे ती उचलीची. पावसाळ्यात घरचे दाणे संपले म्हणजे भट्टीवाला आगाऊ पैसे देतो. नवराबायकोची जोडी हजार विटांमागे ठरलेल्या दराने ती रक्कम फेडीत राहते. सुकत घातलेल्या विटा उलथण्यास मुलांचे हात लागतात. हिशेबाची वही धन्याजवळ. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला खरा, परंतु ज्यास ती वही वाचता येत नाही त्याने दाद मागावी तरी कशाच्या आधारे?

मार्ग सापडलेला नाही असेही नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडास अनुताई वाघ यांच्या साहाय्याने हेच ओळखले, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. गुरे राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणात शाळा भरविली. पुढे वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या त्या याच विचाराने. त्या हंगामापुरत्या कोणाच्या उत्साहावर न सोडता नित्याच्या व्यवस्थेत याव्यात, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. मुलांना वाडीवरच ठेवावयाचे तर हंगामी वसतिगृह हवे.

थोरांचे काय? शिलाईयंत्रे वाटून छायाचित्रे काढण्याचा प्रकार आम्हांस पसंत नाही. जो वीट पाडतो त्यास वीट रचण्यास शिकवावे. गवंड्याची मजुरी व मान दोन्ही अधिक. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषधी कारखान्यांस विकण्याचा उद्योग उभारला. त्यात त्यांचे जंगलाचे ज्ञानच भांडवल ठरले. मात्र शिकण्याच्या काळात चूल पेटती राहील इतके विद्यावेतन न दिल्यास कोणीही तेथे टिकणार नाही.

आमच्या वाचकांत इमारतींची कंत्राटे घेणारे व विटांचा व्यापार करणारे पुष्कळ आहेत. त्यांस एक विनंती: सौदा करताना भट्टीवाल्यास दर विचारता, तसेच तेथील मुले कोणत्या शाळेत जातात व मजुरास हिशेबाची प्रत मिळते काय, हेही विचारावे. आणि ज्या पतपेढ्यांचे आपण संचालक आहात, त्यांनी गणपतीपूर्वी वाडीवर धान्यापुरते अल्प व्याजाचे कर्ज द्यावे. उचल त्याच सुमारास घेतली जाते. दिवाळीनंतर दिलेले कर्ज या कामी निरुपयोगी होय.