घर खान्देशात, कर सुरतेत

व्यवसाय कर एरवी दोनशे रुपये, मग फेब्रुवारीतच तीनशे का कापतात? जळगावच्या एका शिक्षक मित्राने हा प्रश्न विचारला आणि मी या कराच्या मागे लागलो.

उत्तर राज्यघटनेत सापडले. अनुच्छेद २७६ नुसार हा कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीपूर्वी ही मर्यादा २५० होती. अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे; हिशेब बरोबर २,५०० वर येतो.

शोधताना दुसरा प्रश्न पुढे आला. घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात, तर कर कुठे भरायचा? न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला दोन्ही राज्यांची विवरणपत्रे भरावी लागतात आणि न्यूयॉर्कला दिलेल्या कराची सूट घरच्या राज्यात मागावी लागते. आपल्याकडे पगारावरचा प्राप्तिकर केंद्राचा, म्हणून विवरणपत्र एकच. व्यवसाय कर मात्र राज्याचा, आणि पगारदाराचा तो नोकरीच्या राज्यात जमा होतो. सुरतेत बारा हजारांवर पगार असलेल्या धुळेकराचे दरमहा दोनशे रुपये गुजरातच्या तिजोरीत जातात.

१ मे १९६० पूर्वी धुळे आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. आज भुसावळ-सुरत मार्गावरच्या नवापूर स्थानकाच्या मधूनच राज्याची सीमा जाते.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमी योजनेची निकड दाखवली होती. तिच्यासाठी पैसा उभा करायला हा कर आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. म्हणजे शहरातल्या पगारदाराने कोरडवाहू गावातल्या मजुराच्या कामाला हातभार लावायचा.

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावचा पाझर तलाव रोजगार हमीतलाच. आई तिथे मातीच्या पाट्या वाहायची. माझा धाकटा भाऊ सुरतेत कापड गिरणीत आहे. त्याचे दोनशे रुपये गुजरातला जातात. त्यात गैर काही नाही, तो तिथलेच पाणी पितो. पण मित्राला मी एवढेच कळवले : पगारपत्रकातली ती किरकोळ ओळ वाचत जा. अनोळखी माणसांच्या तशाच कपातीतून आमची चूल पेटत होती.