हवापाणी पूर्वीही बदलले. मग आताच चिंता का?

पावसाने दडी मारून भाताचे रोप करपले आणि राब पुन्हा करावा लागला, की खडोलीकडची वडीलधारी माणसे आम्हांस हटकून म्हणतात, "मास्तर, हवापाणी काय आजच बदलू लागले? निसर्गाचे चक्र आहे, चालायचेच." यातील पहिले म्हणणे सोळा आणे खरे आहे. दुसऱ्याविषयी मात्र आम्हांस थोडे सांगावयाचे आहे. चक्रच असेल तर ते फिरून येण्याची वाट पाहणे शहाणपणाचे; नसेल तर वाट पाहण्यातच मुलानातवंडांची शेती जावयाची.

पूर्वीच्या बदलांचा पुरावा आपल्या पायाखालीच आहे. विहीर खणताना जो काळा दगड लागतो, तो सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा. त्या उद्रेकांबरोबर गंधकाचे वायू व कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) अपार बाहेर पडले. गंधकाच्या धुक्याने पृथ्वी काही काळ गारठे, तर कर्बवायूने ती दीर्घकाळ तापे. पुढे हिमयुगे आली. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे 41 हजार वर्षांत झुलतो, कक्षेचा आकारही लक्ष वर्षांच्या हिशेबाने बदलतो, आणि तसतसे बर्फ वाढते वा वितळते, हे गणित सर्बियाच्या मिलांकोविच या पंडिताने मांडले. 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्याहून सुमारे 120 मीटर खाली होता. खंबायतचे आखात तेव्हा कोरडी जमीन होती, आणि आपल्या दमणगंगेला दमणच्या पुढे किती तरी मजल मारल्यावाचून समुद्र भेटत नसणार!

अलीकडचे उदाहरण म्हणजे संवत 1956 चा, अर्थात इसवी सन 1899-1900 चा 'छप्पनिया' दुष्काळ. त्या साली प्रशांत महासागराचे पाणी तापून आपले मोसमी वारे दुबळे पडले होते. तो निसर्गाचाच खेळ.

मग आताची वाढ माणसाची, हे कशावरून? येथे आठवणींवर भिस्त ठेवून चालत नाही. हिजरी वर्ष सूर्यवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान सर्व ऋतूंतून फिरून साधारण 33 वर्षांनी मूळ जागी येतो. 1987 च्या मे महिन्यात आम्ही लहानपणचे रोजे धरले, 2019 च्या मे महिन्यात पुन्हा तोच उन्हाळा वाट्यास आला. दुसऱ्या खेपेस तहान अधिक लागली खरी. पण ती हवेमुळे की वयामुळे, हे कोण सांगणार? त्यासाठी नोंदवहीच हवी.

ती नोंदवही अशी. हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायू कारखानदारीपूर्वी सुमारे 280 भाग होता. हवाई बेटावरील मौना लोआ येथे 1958 साली नित्य मोजणी सुरू झाली तेव्हा तो 315 होता. आता 420 च्या पुढे गेला आहे. हिमयुग संपताना 80 ते 100 भागांची वाढ व्हावयास काही हजार वर्षे लागली होती. तेवढी आपण एका आयुष्यात केली. शिवाय या वायूवर चोराचे ठसे आहेत. सजीवांत किरणोत्सारी कार्बन-14 असतो, पण कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात व खनिज तेलात तो उरलेला नसतो. हवेतील कार्बन-14 चे प्रमाण अशाच कार्बनाच्या भेसळीने पातळ होत आले आहे. सूर्याकडे बोट दाखवावे, तर त्याचे तेज उपग्रह 1978 पासून मोजत आहेत आणि त्यात वाढ नाही. सूर्यच दोषी असता तर वरचे वातावरणही तापले असते. प्रत्यक्षात ते थंडावत आहे.

आपल्या पावसाचे काय, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखविले. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि एकूण पाऊस मात्र घटला. अरबी समुद्र तापल्याने वाफेचे लोट एकदम आत घुसतात. दोन मुसळधार दिवस आणि मग कोरडी फट, अशा पावसाने बांधही फुटतो आणि रोपही जळते.

दोष कोणाचा, हे बोलताना तोल हवा. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरची चूल येथील कारखान्यांच्या पगारावर पेटते, हे आम्ही विसरलेलो नाही. दरडोई हिशेब केला तर भारताचा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपासही जेमतेम भरतो. पण हवेला सीमा नाही. ज्वालामुखीच्या धुराने आलेला गारवा दोनतीन वर्षांत ओसरतो, 1991 च्या पिनाटुबोचा तसाच ओसरला. कर्बवायूचा मोठा अंश मात्र शेकडो वर्षे हवेत राहतो.

हे सारे ऐकून एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "मग यंदा हळवे पेरू की गरवे?" आम्ही म्हटले, "दादा, थोडे थोडे दोन्ही पेरा, आणि रोपापुरते पाणी शेततळीत अडवून ठेवा." ते म्हणाले, "तळी तर मे महिन्यातच खणायला हवी होती, मास्तर."