पोहण्याचा गॉगल आणि आवळलेला पट्टा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोहताना गॉगलमध्ये पाणी शिरू लागले की पोहणाऱ्याचा हात आपोआप डोक्यामागे जातो आणि पट्टा ओढून आणखी थोडा आवळला जातो. पाणी थांबले नाही तर तो पुन्हा आवळला जातो, आणि डोळ्यांभोवती लाल कडी उमटून कपाळ ठणकू लागेपर्यंत हाच उपाय चालू राहतो. "पट्टा घट्ट, तर पाणी बंद" हे मत पालक, दुकानदार आणि काही वेळा पोहायला शिकवणारेही इतक्या खात्रीने सांगतात, की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की पाणी अडवण्याचे काम पट्ट्याचे नसून काचेभोवतीच्या मऊ रबरी किंवा सिलिकॉनच्या कडेचे असते, आणि ती कड चेहऱ्याच्या हाडांना जुळत नसेल तर पट्टा कितीही ओढला तरी गळती थांबत नाही.

गॉगल मुळात का लागतो हे एकदा स्पष्ट झाले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल, प्रकाश वळवण्याचे जवळजवळ दोनतृतीयांश काम करतो, परंतु हे काम त्याच्यापुढे हवा असेल तरच होते. पाण्याचा आणि स्वच्छमंडलाचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, जवळजवळ सारखे असल्यामुळे उघड्या डोळ्यांना पाण्याखाली सारे धूसर दिसते. गॉगल डोळ्यापुढे हवेचा एक लहान कप्पा राखतो आणि दृष्टी परत मिळते. म्हणून "गॉगल चांगला बसतो" याचा अर्थ एवढाच, की तो कप्पा कोरडा राहतो.

कप्पा कोरडा कसा राहतो? गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबला की आतली थोडी हवा बाहेर जाते, दबलेली मऊ कड पूर्ववत होऊ पाहते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि बाहेरचा दाब गॉगलला चेहऱ्यावर धरून ठेवतो. पट्ट्याने फक्त ही पकड हलू द्यायची नसते. तो प्रमाणाबाहेर आवळला की मऊ कड चपटी होते, नाकाच्या बाजूला तिला सुरकुती पडते आणि नेमके तेथूनच पाणी शिरते, म्हणजे उपायच रोग वाढवतो. जलतरणपटू गर्ट्रूड एडर्ली 6 ऑगस्ट 1926 रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली, तेव्हा तिच्या गॉगलच्या कडा मेणाने बंद केलेल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वीही उपाय कडेवर केला गेला, पट्ट्यावर नव्हे; ही साधी गोष्ट आजच्या दुकानांत विसरली जावी, याचे नवल वाटते.

घट्ट पट्ट्याने गळती थांबत नाही एवढेच असते, तर प्रश्न गैरसोयीपुरता राहिला असता. परंतु ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की गॉगल घातलेला असताना डोळ्यातील दाब सरासरी 4.5 मिलिमीटर पारा इतका वाढतो. डोळ्यातील दाब साधारणतः 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो, हे लक्षात घेतले तर ही वाढ नगण्य म्हणता येत नाही. निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. मात्र काचबिंदू असलेल्या, म्हणजे ज्यात वाढलेला दाब डोळ्याच्या नसेला इजा करतो असा विकार असलेल्या, किंवा त्यासाठी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीने गॉगल निवडण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाला विचारले पाहिजे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही बाहेरून पडणाऱ्या दाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीचा स्वतंत्र प्रकार असून तेथे हेल्मेटच्या जोडीने पोहण्याच्या गॉगलचा उल्लेख आहे. दाब काढल्यावर एका तासाच्या आत दुखणे थांबणे ही तिची खूण. पोहून आल्यावर दररोज कपाळ दुखत असेल, तर उन्हाला आणि उपाशी पोटाला दोष देण्याआधी पट्टा सैल करून पाहावा.

मग पाणी शिरते कोठून? बहुतेक वेळा नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातून. दोन काचांना जोडणारा नाकावरचा तुकडा चेहऱ्याला लांब पडला तर कड बाहेर सरकते आणि आखूड पडला तर ती नाकाच्या भिंतीवर चढते. दोन्ही प्रकारांत आतल्या कोपऱ्यात फट राहते. म्हणूनच शर्यतीच्या अनेक गॉगलांबरोबर वेगवेगळ्या लांबीचे तीन-चार तुकडे मिळतात, तर स्वीडिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मऊ कड नसलेल्या गॉगलमध्ये दोन काचा दोरीने हव्या तेवढ्या अंतरावर बांधायच्या असतात. हे तुकडे डबीतच राहतात आणि पट्टा मात्र तुटेपर्यंत ओढला जातो. निवडीची कसोटी अगदी सोपी आहे : पट्टा डोक्यामागे न घेता गॉगल दोन्ही हातांनी डोळ्यांवर हलकेच दाबून हात सोडावेत, तो दोन-तीन सेकंद चेहऱ्यावर टिकला तर आकार जुळला, लगेच पडला तर तो गॉगल त्या चेहऱ्याचा नव्हे, आणि पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर टिकूनही उपयोग नाही. कसोटी कोरड्या चेहऱ्यावर करावी, कारण तेल किंवा उन्हाचे मलम लावलेल्या त्वचेवर कड घसरते. पोहण्यापूर्वी तोंडाला खोबरेल चोपडण्याची सवय असलेल्या घरात चांगला गॉगलही गळतो आणि दोष कंपनीला मिळतो.

लहान मुलांच्या बाबतीत हाच गैरसमज वेगळ्या वेशात येतो. गणवेश घेताना "वाढत्या अंगाचा" घेण्यात शहाणपण असेल, परंतु तोच हिशेब गॉगलला लावून मोठा नंबर घेतला जातो आणि उरलेली जागा पट्टा आवळून भरून काढली जाते. कड डोळ्याच्या खोबणीभोवतीच्या हाडावर न बसता गालावर बसते, मूल हसले की गाल हलतो आणि पाणी आत येते. दोन वर्षे टिकावा म्हणून घेतलेला गॉगल दोन दिवसही धड वापरता येत नाही.

पालघर तालुक्यातील मुरबे येथे, सातपाटीच्या समोर खाडीच्या उत्तर काठावर वसलेल्या मच्छीमार गावात, गॉगलविषयी आणखी एक अपेक्षा तपासण्याजोगी आहे : तो घातला की समुद्रात तळापर्यंत दिसेल. खंभातच्या आखातापासून फार दूर नसलेल्या या किनाऱ्यावर भरती-ओहोटीची ओढ जबर असते, तळचा गाळ सतत वर येतो आणि पाणी वर्षाचा बराच काळ गढूळ राहते. गॉगल डोळ्यापुढची हवा परत देतो, पाण्यातला गाळ काढून टाकत नाही. प्रकाश गाळाच्या कणांवर विखुरला की सर्वांत महाग काचेतूनही हातभर अंतरापलीकडचे दिसणे अवघड होते. तेथे त्याचा खरा उपयोग वेगळा आहे : अश्रूंतील क्षारांचे प्रमाण सुमारे 0.9 टक्के आणि समुद्राच्या पाण्यातील सुमारे 3.5 टक्के असल्यामुळे होणारी डोळ्यांची आग तो टाळतो आणि गाळ बाहेर ठेवतो.

याहून गंभीर चूक म्हणजे पोहण्याचा गॉगल लावून खोल बुडी मारणे, मग ती बोटीच्या पंख्यात अडकलेले जाळे सोडवण्यासाठी असो वा गंमत म्हणून. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे तीन मीटरवरच बाहेरचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या 1.3 पट होतो, आणि गॉगलच्या आतली हवा मात्र तेवढीच राहते. पाणबुड्यांच्या मुखवट्यात नाकही झाकलेले असते, त्यामुळे नाकातून हवा सोडून आतला दाब बाहेरच्याइतका करता येतो. पोहण्याच्या गॉगलमध्ये नाक बाहेर असल्याने ही सोयच नाही. गॉगल पंपासारखा डोळा ओढू लागतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डोळा लालभडक होतो. तेथे पट्टा सैल करूनही काही साधत नाही, मुखवटाच लागतो.

उरलेले समज थोडक्यात सांगता येतात. मराठीत उन्हाच्या चष्म्यालाही गॉगलच म्हणतात, आणि बहुधा त्यामुळेच काच जितकी काळी तितके संरक्षण जास्त असे मानले जाते. प्रत्यक्षात अतिनील किरणे अडवण्याचे काम पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लॅस्टिकही बऱ्याच अंशी करते, आणि बंदिस्त तलावात काळी काच केवळ अंधार वाढवते. काचेवर वाफ धरली की आतून बोट फिरवावे हा सल्ला तर उलटाच आहे, कारण वाफ न धरू देणारा थर त्या बोटाबरोबरच निघून जातो. गॉगल पोहून झाल्यावर गोड्या पाण्यात नुसता बुडवून सावलीत वाळवावा. तलावातून आल्यावर डोळे लाल होतात ते निव्वळ क्लोरीनमुळे नव्हे, तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनमुळे, म्हणून गॉगलइतकीच गरज तलावात उतरण्यापूर्वीच्या आंघोळीची असते. कॉन्टॅक्ट लेन्सवर गॉगल घातला की धोका पूर्ण संपतो, हेही खरे नाही. अकँथअमीबा हा पाण्यात राहणारा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून स्वच्छमंडलाला गंभीर संसर्ग करू शकतो, म्हणून लेन्स काढूनच पोहावे; त्यासाठी नंबरचे गॉगल बाजारात मिळतात.

गॉगल काढण्याची रीत मात्र कोणी शिकवत नाही. काचा पुढे ओढून कपाळावर सरकवण्याची सवय सर्वत्र दिसते, आणि ओल्या बोटांतून त्या निसटल्या की ताणलेला पट्टा त्यांना पुन्हा डोळ्यांवर आपटतो. पोहण्याच्या गॉगलमुळे डोळ्यांना झालेल्या गंभीर इजांची नोंद 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने 1977 मध्येच प्रसिद्ध केली होती. पट्टा जितका आवळलेला, तितका हा फटका जोराचा बसतो. गॉगल काढताना आधी डोक्यामागचा पट्टा अंगठ्याने वर उचलावा आणि काचा चेहऱ्यावरून सर्वांत शेवटी सोडवाव्यात.